खिडकी मोबाईलमध्ये आली, बर्थ तेवढेच राहिले

2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बहुतेकांना हवा होता त्याआधीचा शुक्रवार, 22 ऑगस्ट. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे 23 जूनला सकाळी आठला. चहा पिऊन निवांत मोबाईल हातात घेणाऱ्यांना कोकणकन्या आणि तुतारीत वेटिंगच दिसलं. दरवर्षी हे असंच होतं. काही मिनिटांत गाड्या फुल्ल, वेटिंग शेकड्यांत, मग 'रिग्रेट' (म्हणजे वेटिंगही बंद), पाठोपाठ आमदार-खासदारांची पत्रं आणि जादा गाड्यांच्या घोषणा. गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालही ठरलेला असतो: सगळी तिकिटं दलालांनी खाल्ली.

यातलं 'सगळी' खरं नाही, आणि 'दलाल' खोटं नाही. त्यात 2025 च्या जुलैपासून आधार, ओटीपी, एजंटांना अर्धा तास बंदी असे नियम एकामागून एक आले आणि सामान्य माणसाचा गोंधळ वाढला. म्हणून तिकीट खिडकीवरून मोबाईलवर येताना नेमकं काय बदललं आणि काय तसंच राहिलं, ते मुळापासून बघू.

आधी एक वही होती

संगणक येण्याआधी आरक्षण वहीत व्हायचं. गाडीचं नाव, तारीख, डबा, बर्थचे रकाने, आणि खिडकीमागचा बुकिंग क्लार्क पेनाने त्यात नाव लिहिणार. वही एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, यावर पुढची सगळी पद्धत उभी राहिली. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या गाडीची वही मुंबईत. मग भुसावळला चढणाऱ्याने काय करायचं? त्याच्यासाठी भुसावळला थोडे बर्थ आधीच वाटून दिलेले असायचे. तो त्या स्टेशनचा कोटा. परतीचं आरक्षण हवं असेल तर तिकडच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट बघायची. कोकणाला तर तेव्हा रेल्वेच नव्हती. चाकरमानी एसटीच्या रांगेत असायचे.

मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट हवं असेल तर आदल्या रात्रीच खिडकीसमोर पेपर अंथरून झोपायचं. कोण कितवा याची यादी रांगेतलाच कुणीतरी कागदावर करायचा, पहाटे हजेरी घ्यायचा, आणि चहाला गेलेल्याचा नंबर गेला की भांडण. दलाल तेव्हाही होते. ते रांगेत आपली माणसं पेरायचे. फरक एवढाच, की ती माणसं दिसायची. तिसऱ्या वेळी तोच चेहरा खिडकीवर दिसला तर मागचा ओरडायचा.

1985-86 च्या सुमारास दिल्लीपासून संगणकीय आरक्षण सुरू झालं. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं उभी राहिली. सुरुवातीला तीही आपापल्या वह्या सांभाळत होती, फक्त त्या वह्या आता संगणकात होत्या. 1999 मध्ये पाचही एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कुठे पुण्याच्या खिडकीवर बसून हावडा-दिल्लीचं तिकीट सहज मिळू लागलं. या मूळ यंत्रणेला पीआरएस म्हणतात. पुढे हे नाव पुन्हा येईल, म्हणून लक्षात ठेवा. देशातला प्रत्येक आरक्षित बर्थ तिच्याच हिशोबात असतो.

आयआरसीटीसी म्हणजे आणखी एक खिडकी

आयआरसीटीसी ही रेल्वेचीच कंपनी, स्थापना 1999 ची. तिने 3 ऑगस्ट 2002 पासून इंटरनेटवर तिकीट विकायला सुरुवात केली. आजच्या पिढीला गंमत वाटेल, पण ते तिकीट कुरिअरने घरी यायचं. पैसे संगणकावर भरायचे आणि छापील कागदाची वाट बघत बसायचं. खरी उलथापालथ झाली 2005 मध्ये, ई-तिकीट आलं तेव्हा. कागद घरच्या प्रिंटरवर काढा म्हटल्यावर त्या कागदाला किंमत उरली नाही. किंमत आली ती चार्टवरच्या नावाला आणि खिशातल्या ओळखपत्राला. पुढे मोबाईलवरचा मेसेजही चालू लागला. आज आरक्षित तिकिटांपैकी दहातली आठांहून जास्त ऑनलाइन निघतात.

इथे एक गैरसमज आड येतो. वेबसाइटला वेगळा कोटा आणि खिडकीला वेगळा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दादरच्या खिडकीवरचा क्लार्क, तुमचा मोबाईल, गल्लीतला अधिकृत एजंट, आणि इक्सिगो, मेकमायट्रिप, पेटीएमसारखी खासगी ॲप, या सगळ्यांचे हात शेवटी त्याच पीआरएसमध्ये जातात. खासगी ॲपवर तिकीट काढतानाही आयआरसीटीसीचं खातं मागतात ते त्यामुळेच. एखादं ॲप 'आमच्याकडे लवकर मिळतं' म्हणत असेल तर त्याचा पडदा चकचकीत असेल. बर्थ त्याच साठ्यातला.

एक बर्थ, अनेक मालक

वही गेली, तार गेली, पण कोटे राहिले. ते का राहिले हे कळलं की वेटिंगची अक्षरं वाचता येतात.

समजा कोकणकन्येत मुंबईहून चिपळूणपर्यंत जाणाऱ्याला एक बर्थ मिळाला. चिपळूणनंतर मडगावपर्यंत तो रिकामा जातो. पुढच्या टप्प्यासाठी तोच बर्थ दुसऱ्याला विकता येतो, पण तसं गिऱ्हाईक मिळालं तरच. चतुर्थीच्या आधी सगळी गर्दी मुंबईहून निघणारी. चिपळूणहून मडगावला जाणारे किती असणार? म्हणून रेल्वे लांबच्या प्रवाशाला झुकतं माप देते आणि जवळच्यांसाठी वेगळे, छोटे वाटे ठेवते.

त्यातून वेटिंगच्या याद्या तयार होतात. जीएनडब्ल्यूएल ही सर्वसाधारण यादी, मुख्यतः गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनवरून लांब जाणाऱ्यांची. तिचा साठा मोठा, त्यामुळे रद्द होणारी तिकिटंही जास्त, आणि ती पुढे सरकायची शक्यता बरी. आरएलडब्ल्यूएल ही मधल्या काही महत्त्वाच्या स्टेशनांची यादी. पीक्यूडब्ल्यूएल ही अनेक छोट्या स्टेशनांची मिळून एकच यादी. या दोन्हींचे साठे लहान. तिथे पंधरावा नंबर असूनही लटकायला होतं आणि जीएनमधला साठावा कन्फर्म होऊन जातो, कारण रद्द झालेला बर्थ आधी आपल्याच यादीतल्या माणसाकडे जातो. तत्काळची यादी आणखी वेगळी, आणि तिच्यावर फारशी आशा ठेवू नये.

तिकिटावर 'जीएनडब्ल्यूएल 85/डब्ल्यूएल 40' असे दोन आकडे दिसतात. पहिला तुम्ही यादीत शिरलात तेव्हाचा, दुसरा आत्ताचा. बघायचा तो दुसरा. आणि आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं. कुणी आलं नाही किंवा रद्द केलं तर एकाला पूर्ण बर्थ. गाडीत चढायचा हक्क आरएसीवाल्याला असतो. वेटिंगवाल्याला आरक्षित डब्यात नसतो, खिडकीवरून काढलेला छापील कागद हातात असला तरीही.

हे सगळं खिडकीच्या काळातही होतं. तेव्हा क्लार्कला ठाऊक असायचं आणि तो, त्याच्या मूडप्रमाणे, सांगायचा: "कुडाळऐवजी सावंतवाडीपर्यंत काढा, मिळतंय." मोबाईल हे आपणहून सांगत नाही. इंटरनेटने माहिती सगळ्यांना दिली, तशीच ती वाचायची जबाबदारीही सगळ्यांवर टाकली. याची चर्चा फारशी होत नाही.

दलाल नसते तरी गाडी मिनिटातच भरली असती

आता साधा हिशोब. लांब पल्ल्याच्या एका गाडीत आरक्षित बर्थ हजाराच्या आगेमागे. एका तिकिटावर सहा माणसांपर्यंत नावं घालता येतात. गणपतीला माणूस एकटा जात नाही; घरची तीन-चार माणसं एका तिकिटावर असतात. म्हणजे तीनेकशे तिकिटं निघाली की गाडी संपली.

तिकडे यंत्रणेचा वेग बघा. सुरुवातीच्या काळात आयआरसीटीसीची साइट मिनिटाला 2,000 तिकिटं काढू शकायची. 2014 मध्ये नवी यंत्रणा आली तेव्हा ती क्षमता 7,200 झाली. 22 मे 2025 रोजी सकाळी दहाला एका मिनिटात 31,814 तिकिटं निघाली, हा रेल्वेने सांगितलेला उच्चांक. देशभरातल्या गाड्यांचा आकडा आहे हा, पण त्यासमोर तीनशे तिकिटं किती ते बघा. खिडकीच्या काळात एक क्लार्क एका गिऱ्हाइकाला काही मिनिटं घ्यायचा, त्यामुळे तीच गाडी भरायला वेळ लागायचा आणि त्या वेळेलाच आपण 'तिकीट मिळायचं' म्हणायचो. भरायची तेव्हाही. इंटरनेटने दिवसभराची रांग एका मिनिटात दाबून बसवली.

गावाकडे किंवा उपनगरात जिथे नळाला सकाळी तासभरच पाणी येतं तिथे राहिलेल्यांना हे लगेच कळेल. पाणी आलं की सगळी वस्ती एकदम नळ सोडते आणि धार बारीक होते. कुणीतरी हुशार नळाला मोटर लावतो. त्याची टाकी भरते, शेजाऱ्याची बादली रिकामी. नगरपालिका पाइप मोठा टाकते. पाणी जोरात येतं, लवकर संपतं. टाकीत मुळात होतं तेवढंच.

आठ वाजता मोबाईलच्या आत काय चालतं

साडेसातला लॉगिन केलं तर आठच्या आधी ते कधीकधी बाहेर फेकतं. म्हणून लोक सात पंचावन्नला शिरतात. प्रवाशांची नावं, वयं आधीच 'मास्टर लिस्ट'मध्ये भरून ठेवतात. आठ वाजतात, गाडीवर बोट ठेवलं जातं, 'उपलब्ध 212' असं हिरवं दिसतं. जीव भांड्यात पडतो. यादीतून नावं निवडा, खालच्या बर्थची पसंती द्या, विम्याला हो किंवा नाही म्हणा (माणशी पंचेचाळीस पैसे, तेवढ्यासाठी नाही म्हणू नका), वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा टाका, पैसे भरा. यूपीआयचं चक्र फिरतं. बँकेचा सर्व्हर दमतो. शेवटी तिकीट येतं: वेटिंग 37.

हिरव्या 212 चं काय झालं? पैसे भरत असताना तुमचा बर्थ कुणी राखून ठेवत नाही. पडद्यावरचा आकडा तुम्ही पाहिला त्या क्षणाचा असतो. बर्थ हातात पडतो तो पैसे पोचल्यानंतर. मधल्या तीस-चाळीस सेकंदांत इतर लोक पुढे गेलेले असतात. राखून का ठेवत नाहीत? तसं केलं तर पैसे न भरता शेकडो बर्थ अडवून ठेवणं सोपं जाईल आणि दलालांना ते जास्तच आवडेल. आयआरसीटीसीचं स्वतःचं ई-वॉलेट वापरलं तर हे तीस सेकंद पाच-दहावर येतात. त्यामागे काही जादू नाही, मधली बँक गळते एवढंच.

मोटर लावणारे कोण

वरची सगळी कामं माणूस मिनिटभरात करतो. बेकायदा सॉफ्टवेअर तीच कामं काही सेकंदांत करतं, आणि एका वेळी एकाच नव्हे, अनेक खात्यांवरून. अशा प्रोग्रामला बॉट म्हणतात. रेल्वेच्याच म्हणण्यानुसार तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिन करू पाहणाऱ्यांत बॉटचा वाटा 50 टक्क्यांपर्यंत असायचा. 2025 च्या जूनमध्ये हे सांगताना अडीच कोटींहून जास्त संशयास्पद खाती बंद केल्याचंही रेल्वेने सांगितलं.

या धंद्यातली मजेशीर, खरं तर संतापजनक, गोष्ट 2017 च्या डिसेंबरमधली. 'निओ' नावाचं असंच सॉफ्टवेअर बनवून दलालांना विकल्याच्या आरोपावरून सीबीआयने एका प्रोग्रामरला अटक केली. तो सीबीआयचाच कर्मचारी होता आणि त्याआधी आयआरसीटीसीत काम करून गेला होता. साइटची दारं कुठे कच्ची आहेत ते त्याला वेगळं शोधावं लागलं नसणार.

कायदा आहे. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 143 नुसार परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो लिहिला तेव्हा ई-तिकीट कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून ऑनलाइन तिकिटांना तो लागू होतो की नाही यावर वाद झाला. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लागू होतो असा निर्वाळा दिला.

इथे एक फरक मात्र करायला हवा. सगळे एजंट चोर नाहीत. अधिकृत एजंटाला बिगर-एसी तिकिटामागे 20 आणि एसीमागे 40 रुपये घ्यायची परवानगी असते. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, यूपीआय नाही, इंग्रजी-हिंदीचा सराव नाही, त्याच्यासाठी नाक्यावरचा हा माणूसच वेबसाइट असतो. तोच माणूस सणासुदीला माणशी पाचशे मागू लागला की गोष्ट बदलते.

आधार जोडल्यावर प्रश्न सुटला का?

आधी नियम. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधारने पडताळलेल्या खात्यावरूनच काढता येतं, आणि 15 जुलैपासून त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं. एसीसाठी सकाळी दहाला, इतरांसाठी अकराला. दोन्ही वेळी पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांना बंदी. मग 1 ऑक्टोबर 2025 पासून नेहमीच्या आरक्षणालाही, साठ दिवस आधी उघडतं त्याला, पहिल्या पंधरा मिनिटांसाठी आधारची अट आली आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवली गेली.

या सगळ्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे. खोट्या नावाने शंभर ईमेल आणि शंभर खाती उघडणं फुकट होतं. शंभर आधार क्रमांक आणि त्यांना जोडलेले शंभर मोबाईल मिळवणं महाग आहे. मोटर लावणाऱ्याचा खर्च वाढतो. माझ्या मते एवढ्यासाठी तरी हे योग्य झालं, आणि दहा वर्षं उशिरा झालं.

पण दलाली संपली असं कुणी म्हणत असेल तर थांबा. पडताळलेली खाती टेलिग्रामवर विकायला असल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. शिवाय नियमाचा काच प्रामाणिक माणसालाही बसतो. आधारला जोडलेला नंबर जुना, सिम बंद, ओटीपी भलतीकडे जातोय, अशी घरोघरी एक तरी आजी असते. तिला आधार केंद्रात जाऊन नंबर बदलावा लागतो, आणि तिथेही रांग आहे.

मग पाइप अजून मोठा करा की

करतायत. मिनिटाला दीड लाख तिकिटं काढता येतील अशी नवी पीआरएस आणण्याचं उद्दिष्ट रेल्वेने 2025 मध्ये जाहीर केलं. साइट अडकणार नाही, पैसे कापून तिकीट न मिळण्याचे प्रकार कमी होतील, हे फायदे खरे आहेत. पण तीनशे तिकिटांत भरणारी गाडी तीनशे तिकिटांतच भरणार, फक्त आणखी लवकर.

टाकीकडे बघायचं तर कोकण रेल्वे बघा. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, 1998 च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला. 2021 मध्ये रोहा ते वीर हा जेमतेम 47 किलोमीटरचा तुकडा दुहेरी झाला. बाकी मार्ग एकेरीच. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात थांबावं लागतं. गणपतीच्या जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगसाठी थांबणं वाढतं, आणि मुंबई-सावंतवाडीचा प्रवास किती लांबेल याचा नेम राहत नाही. जादा गाड्या म्हणजे वेळापत्रकाच्या फटीत बसवलेल्या गाड्या. त्या फटीही संपतात. वेबसाइटवर कितीही पैसे घातले तरी ही अडचण तिथून सुटणारी नाही.

विमानासारखे भाव वाढवले तर?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो. मागणी जास्त, बर्थ कमी, मग भाव चढू द्या. रेल्वेने ते करून पाहिलं आहे. 9 सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी आणि दुरोंतोमध्ये दर दहा टक्के जागा विकल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं, सुरुवातीला जास्तीत जास्त दीडपट, नंतर 1.4 पटापर्यंत. तत्काळ प्रीमियममध्येही भाव चढते. पण हे स्लीपरला, तेही सणात, लावायचं ठरलं तर गिरणगावातल्या खोलीतून आई-वडिलांना घेऊन गावी निघालेला माणूस रांगेतून थेट बाहेर जातो. दलालाला दिले जाणारे जादा पैसे रेल्वेच्या तिजोरीत जातील, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण रेल्वे ही अजून तरी सगळ्यांची मानली जाते, आणि ते मोडायची हिंमत कुठलंही सरकार चतुर्थीच्या तोंडावर करणार नाही.

आणि या सगळ्यात कमावतं कोण?

ऑनलाइन तिकिटावर 'कन्व्हिनियन्स फी' नावाची ओळ असते. नोटाबंदीनंतर, 2016 च्या नोव्हेंबरात, ती माफ झाली होती. 1 सप्टेंबर 2019 पासून परत आली: बिगर-एसीला 15 आणि एसीला 30 रुपये, यूपीआयने भरले तर 10 आणि 20, वर जीएसटी. तिकीट रद्द केलं तरी ही रक्कम परत मिळत नाही. एका तिकिटाला हे किरकोळ वाटतं. रोजच्या लाखो तिकिटांवर ते किरकोळ राहत नाही.

गुंतवणूकदारांना ते बरोबर कळलं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये 320 रुपयांना दिलेला आयआरसीटीसीचा शेअर बाजारात आला त्याच दिवशी दुपटीवर उघडला. दोन वर्षांनी, 28 ऑक्टोबर 2021 ला, या फीचा अर्धा वाटा रेल्वेला द्यावा असा निर्णय कळवला गेला. दुसऱ्या दिवशी शेअर असा आपटला की निर्णय त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. डबे, रूळ, इंजिन, गँगमन, सगळं रेल्वेचं. आणि बाजार डोळे लावून बसला होता खिडकीच्या फीकडे. इंटरनेटने बुकिंगच्या धंद्यात केलेला बदल एका प्रसंगात दाखवायचा तर मी हाच निवडीन.

दुसरी कमाई माहितीची. वहीच्या काळात क्लार्कला तुमचं नाव, वय कळायचं आणि दुसऱ्या दिवशी तो विसरायचा. आता कोण, कुठून, कुणाबरोबर, किती वेळा जातो ते सगळं नोंदलेलं असतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये या माहितीतून उत्पन्न कसं मिळवता येईल हे सांगणारा सल्लागार नेमायची निविदा आयआरसीटीसीने काढली होती. ओरड झाल्यावर ती मागे घेतली. माहिती मात्र आहेच.

'खिडकीच बरी होती'

हे वाक्य मुंबईतले लोक जास्त म्हणतात, कारण खिडकी त्यांच्या जवळ होती. कणकवलीहून आत दहा किलोमीटरवर राहणाऱ्याला आरक्षणासाठी रिक्षा करून स्टेशनवर जावं लागायचं, आणि 'सिस्टिम बंद आहे' ऐकून परत यावं लागायचं. रात्रभर रांगेत झोपणं बाईमाणसांना शक्य नव्हतं. तिकीट रद्द करायलाही पुन्हा तीच खिडकी. हे सगळं गेलं, आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. तोटा झाला तो वेगळ्यांचा. बिगारी, घरकामगार, वयस्कर, ज्यांचं भांडवल म्हणजे रात्रभर उभं राहायची तयारी. खिडकी आजही आठलाच उघडते आणि साठा तोच असतो, पण पहिल्या माणसाचा फॉर्म वाचून होईपर्यंत देशभरातल्या मोबाईलवाल्यांनी गाडी भरलेली असते. पूर्वी वेळ असणाऱ्याला तिकीट मिळायचं, आता वेग असणाऱ्याला मिळतं.

पुढच्या गणपतीला काय करायचं?

खात्याला आधार आजच जोडून घ्या. जूनमध्ये लॉगिन करताना आठवलं तर उशीर झालेला असतो. जाण्याच्या तारखेतून साठ दिवस वजा करून ती तारीख कॅलेंडरवर लिहा. ई-वॉलेटमध्ये पैसे आधी भरून ठेवा. एकाच गाडीवर अडून राहू नका. विशेष गाड्यांचं आरक्षण साठ दिवसांच्या नियमाने उघडत नाही. त्यांची तारीख रेल्वे वेगळी जाहीर करते, आणि त्या दिवशी गर्दी थोडी कमी असते. आपल्या स्टेशनपर्यंत छोट्या यादीतलं वेटिंग येत असेल तर पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंतचं तिकीट तपासा; भाडं थोडं जास्त पडेल, यादी बदलेल. वेटिंगच असेल तर 'विकल्प' निवडून ठेवा, म्हणजे दुसऱ्या गाडीत जागा निघाली तर विचार होतो.

पहिला चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. 2025 च्या जुलैपासून तो आठ तास किंवा त्याहूनही आधी लागतो. चार्टनंतरही ई-तिकिटावरची सगळी नावं वेटिंगलाच राहिली तर ते आपोआप रद्द होतं आणि थोडी कपात होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरून काढलेल्या वेटिंग तिकिटाचं तसं होत नाही, ते मुदतीत जाऊन रद्द करावं लागतं. आणि चार्ट लागल्यावरही काही बर्थ उरले तर ते 'करंट बुकिंग'ला खुले होतात, मोबाईलवर आणि स्टेशनवरही. चतुर्थीच्या आधी तिथे काही मिळेल अशी आशा नको. परतीच्या प्रवासात, विसर्जनानंतर चार-पाच दिवसांनी, बऱ्याचदा मिळतं.